क्लॅरिसनं लेक्टरबरोबर जायला हवं होतं का? (शेवट फोडलेला आहे, नंतर ओरडू नका)

शनिवारवासी
रविवारी पुण्यात कॅफे गुडलकमध्ये आमच्या वाचनकट्ट्यावर जे भांडण झालं ते बिल आल्यामुळे अर्धवट राहिलं, म्हणून इथे आणतेय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: थॉमस हॅरिसच्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'मध्ये (१९८८) क्लॅरिस स्टारलिंग ही एफबीआयच्या अकादमीत शिकणारी मुलगी. कोठडीतल्या नरभक्षक मानसोपचारतज्ज्ञाशी, डॉ. हॅनिबल लेक्टरशी, बोलून बोलून ती दुसऱ्याच एका खुन्याचा माग काढते. १९९१ चा सिनेमा बहुतेकांनी पाहिलाय, पाचही मोठी ऑस्कर मिळालेला. मग १९९९ मध्ये पुढचा भाग आला, 'हॅनिबल'. त्याच्या शेवटी हीच बाई त्याच नरभक्षकाबरोबर ब्युनोस आयर्समध्ये संसार थाटून ऑपेराला जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. हे प्रेम नाही, अपहरण आहे. तो तिला जखमी अवस्थेत उचलून नेतो, गुंगीची औषधं देतो, संमोहित करतो, तिच्या मेलेल्या बापाची हाडं उकरून तिच्यासमोर मांडतो. शेजारच्या मुलीच्या बाबतीत असं झालं तर आपण चौकी गाठू. इथे मात्र 'किती गूढ नातं' म्हणून उसासे टाकायचे?

बिब्बा
शेवटची पन्नास पानं वाचून धागा काढलेला दिसतो.

आधीची पानं क्लॅरिसच्या नोकरीची आहेत. पुस्तकाची सुरुवातच वॉशिंग्टनच्या मासळीबाजारातल्या फसलेल्या धाडीनं होते. समोरची बाई पोटाशी तान्हं मूल बांधून गोळ्या झाडते, क्लॅरिसला तिला मारावं लागतं, मूल वाचवते तीच. त्याच धाडीत तिचा मित्र जॉन ब्रिगहॅम मरतो. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात खुनशी ठरते कोण? क्लॅरिस. वर तो न्याय खात्यातला क्रेंडलर. कधीतरी तिनं त्याला 'घरी बायकोकडे जा' म्हणून वाटेला लावलेलं, त्याचा सूड तो सात वर्षं बढत्या अडवून घेतो आणि शेवटी खोटा पुरावा पेरून तिला निलंबित करवतो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. एफबीआयमधल्या ज्या क्रॉफर्डसाहेबानं तिला घडवलं तोही थकलेला, त्याचा आता उपयोग शून्य.

एवढ्या सगळ्यांत तिच्या बुद्धीची किंमत ओळखणारा एकच माणूस आहे. तो माणसं खातो, मान्य.

शनिवारवासी
'मान्य' म्हणजे काय, बारीकसारीक खोड आहे का ती? साहेब वाईट निघाला तर राजीनामा देतात हो. नरभक्षकाशी घरोबा करत नाहीत.

दारा_चा_दोस्त
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अवांतर: आमची पिढी सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथांवर वाढली. त्यांचे नायक दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी. यांपैकी कुणी कुणाबरोबर घर मांडावं यावर टिळक रोडच्या कट्ट्यावर कधी मतदान झाल्याचं आठवत नाही. नायक असला की 'त्याचं तो बघेल', आणि नायिका असली की आख्ख्या वाड्याला तिच्या लग्नाची काळजी. लेक्टरनं क्लॅरिसशी घर का मांडलं, याचा जाब रविवारी एकानं तरी विचारला का?

कर्वेरोडची_मावशी
दारा, तुझं म्हणणं पटलं तरी काळजी करणारच, कारण लेखकानंच तिच्याभोवतीची माणसं एकेक करून उचललीत आणि ते दिसतं.

पहिल्या पुस्तकात पिल्चर होता, आठवतो का? स्मिथसोनियनमधला किड्यांचा अभ्यासक, मृताच्या घशात सापडलेल्या पतंगाच्या कोषाची ओळख पटवणारा. सिनेमात तो पुसटसा आहे. पण ते पुस्तक संपतं चेसापीक उपसागराकाठच्या त्याच्या कुटुंबाच्या घरात, क्लॅरिस गाढ झोपलेली असताना. शेजारच्या गोधड्यांखाली तो आहे की नाही हे अंधारात कळत नाही, असं म्हणून हॅरिस गालात हसतो. तेवढं एक सुख त्यानं तिला दिलं होतं. पुढच्या पुस्तकात पिल्चर तिच्या आयुष्यात उरलेलाच नाही.

मग ब्रिगहॅम. त्यानं एकदा विचारलं होतं, ती नाही म्हणाली, तरी दोघांची मैत्री टिकली. साधा, भला माणूस. त्याला पहिल्याच प्रकरणात गोळी. अगं, आपल्याकडे स्थळं बघतानासुद्धा इतक्या पद्धतशीरपणे पर्याय बाद करत नाहीत! एका माणसाकडे जाणारी वाट सोडून बाकी सगळ्या बुजवायच्या आणि मग म्हणायचं, बघा, ती स्वतःच्या पायानं चालत गेली. मला राग येतो तो लेक्टरचा नाही, हॅरिसचा येतो.

बिब्बा
मावशी, कादंबरीकार हेच करतात. वाटा बुजवल्या नाहीत तर त्याला कादंबरी नाही, पीएमपीएमएलच्या बसचं वेळापत्रक म्हणतात.

लकडीपूल
सिनेमावाल्यांचं काय मत? 'हॅनिबल'च्या २००१ च्या सिनेमाला पहिल्या भागाचा दिग्दर्शक जोनाथन डेमी नाही म्हणाला, पटकथाकार टेड टॅली नाही म्हणाला, आणि जोडी फॉस्टरही नाही म्हणाली. मग रिडली स्कॉट आणि ज्युलिअन मूर. शेवट बदलला: क्लॅरिस त्याचा हात स्वतःच्या हाताशी बेडीनं जखडते, तो सुरा उचलतो आणि तिचा हात तोडण्याऐवजी स्वतःचा तोडून पळतो. मला हाच शेवट योग्य वाटतो. प्रेम आहे, पण एकतर्फी, आणि ती शेवटपर्यंत पोलीसच राहते.

आणखी एक. पहिल्या सिनेमात क्लॅरिसशी बोलणारे पुरुष थेट कॅमेऱ्यात बघतात, ते आठवतंय? त्यामुळे आपण तिच्या जागी उभे असतो आणि त्या नजरा आपल्या अंगावर येतात. दुसऱ्या सिनेमात आपण तिच्याकडे लेक्टरच्या बाजूनं बघतो. अर्धी क्लॅरिस तिथेच हरवली.

बिब्बा
सिनेमातली क्लॅरिस सुरुवातीला सरळमार्गी, शेवटीही सरळमार्गी, आणि तिला लाथाडणारं खातं जसंच्या तसं. यापेक्षा पुस्तकातला शेवट घाणेरडा असला तरी त्यात काहीतरी घडतं.

रात्रपाळी
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांगा. ती निव्वळ कठपुतळी आहे असं मला वाटत नाही. लेक्टरचा डाव वेगळाच होता. लहानपणी मारली गेलेली त्याची बहीण मिशा, तिला क्लॅरिसच्या जागी परत आणायचं. आणि क्लॅरिस त्यालाच विचारते की माझ्या बापाला माझ्यात जागा आहे तर मिशाला तुमच्यात का नसावी? तिथे त्याचा डाव कोसळतो. मग कुणी कुणाला संमोहित केलं? शिवाय शेवटच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की ती औषधं त्यांच्या आयुष्यातून केव्हाच गेली आहेत.

शनिवारवासी
स्वागत आहे, आणि मुद्दा चांगला आहे. पण पहिला होकार गुंगीत घ्यायचा आणि मग औषध बंद करून म्हणायचं, आता बघा, ती खुशीनं राहतेय? वर हॅरिस तिथेच म्हणतो की एखाद्या आवाजानं तिला नको ती जाग येऊ शकते. म्हणजे ती झोपेतच आहे, हे लेखकालाही ठाऊक आहे.

बिब्बा
वाक्य अर्धं सांगू नका. त्याला जोडूनच 'ती झोपलेली असेलच तर' असंही आहे. खरी गंमत त्या चार शब्दांत आहे.

लकडीपूल
वकिलांनी मात्र या दोघांचा रीतसर काडीमोड केलाय. २०१३ च्या लेक्टरवाल्या मालिकेला क्लॅरिस वापरायची परवानगी नव्हती, आणि २०२१ च्या 'क्लॅरिस' मालिकेत लेक्टरचं नाव घ्यायची सोय नव्हती. हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे. ती मालिका एकाच हंगामात आटोपली.

कर्वेरोडची_मावशी
तुम्ही सगळे त्या दोघांतच अडकलात. क्लॅरिसच्या आयुष्यातलं सर्वांत टिकलेलं नातं आर्डेलिया मॅपशी आहे. अकादमीतली खोलीतली मैत्रीण, पुढे एकाच घराच्या दोन भागांत शेजारशेजारी राहणाऱ्या दोघी. क्लॅरिस नाहीशी झाल्यावर आर्डेलियाला पत्र येतं: मी बरी आहे, मला शोधू नकोस. सोबत पाचूची अंगठी. आर्डेलिया ती घेऊन गाडीनं लांब नदीकाठी जाते, पाण्यात भिरकावून द्यायच्या तयारीनं. आणि शेवटी ती बोटात घालते, पण मूठ खिशात कोंबते.

माझ्यासाठी 'हॅनिबल' तिथे संपतं. घातली तर आहे, पण कुणाला दिसू द्यायची नाही.

शनिवारवासी
मावशी, कुठल्या नदीकाठी? माझ्या पुस्तकात अंगठीबिंगठी काही नाही. उगाच रचू नका.

कर्वेरोडची_मावशी
अगं ब्युनोस आयर्सच्या जरा आधी. नीट बघ.

शनिवारवासी
थांबा, काढते.

शनिवारवासी
एक पान नाहीये. शिवणीपाशी फाटल्याची खूण दिसतेय. अप्पा बळवंत चौकात रस्त्यावर घेतली होती ही प्रत.

बिब्बा
शेवटची पन्नास म्हणालो होतो, अठ्ठेचाळीस निघाली. शब्द मागे घेतो.

शनिवारवासी
हसून घ्या. मत बदललेलं नाही. मावशी, रविवारी तुमची प्रत आणा, तेवढं पान मला वाचायचंय. आणि यावेळी बिल बिब्बा देतील.