जंगलपटांना ‘कचरा’ म्हणणाऱ्यांसाठी

तंबूतला_प्रेक्षक

काल इथे एका अभ्यासू सदस्यानं निकाल देऊन टाकला की जंगल जिम, बोम्बा, झिंबो वगैरे टारझनछाप जुने, स्वस्तातले जंगलपट म्हणजे ‘पैसा आणि अक्कल दोन्ही नसलेल्यांनी केलेला कचरा’, आणि आज ते बघणारा एकतर बालिश आहे किंवा टिंगल करायला बघतोय. तिथेच उत्तर लिहीत होतो, पण लांबलं. म्हणून वेगळा धागा.

मी टिंगल करायला बघत नाही. बालिश असेन, तो माझा प्रश्न.

पैसा नव्हता, मान्य. पण अक्कल? हॉलिवूडचा निर्माता सॅम कॅट्झमन, त्यानं 1948 ते 1955 या काळात जंगल जिमचे 16 चित्रपट काढले. नायक जॉनी वाइसम्यूलर. ऑलिंपिकची 5 सुवर्णपदकं, टारझन म्हणून 12 चित्रपट, आणि आता पोट सुटलेलं, म्हणून लंगोट जाऊन अंगात सफारी कपडे आले. शेवटच्या तीन चित्रपटांच्या वेळी ‘जंगल जिम’ हे नाव टीव्हीकडे गेलं, वापरायची सोय उरली नाही. दुसऱ्यानं दुकान बंद केलं असतं. यांनी काय केलं? पडद्यावरच्या नायकाचं नावच जॉनी वाइसम्यूलर ठेवलं! तोच माणूस, तेच जंगल, चित्रपट चालू.

आपल्याकडचं सांगतो. 1952 साली सेलमच्या मॉडर्न थिएटर्सनं अमेरिकन कंपनीच्या जोडीनं ‘द जंगल’ काढला. गोष्टीत केसाळ मॅमथ हवेत. आणायचे कुठून? हत्तींवर केसांची झूल टाकली. झूल दिसते का? दिसते. पण तो कळप अंगावर येतो तेव्हा मी आजही सरसावून बसतो, कारण झुलीच्या खाली खरंखुरं, काही टन वजनाचं जनावर चालत असतं. त्याच्या पायाखालची माती दबते. आजच्या संगणकी प्राण्याला केस एकेक मोजून लावलेले असतात आणि वजन शून्य.

यातलं काय कचरा आहे ते सांगा.

खवचट_सदाशिव

सरसावून बसता ते खुर्चीतल्या ढेकणांमुळे असेल.

बाकी बोम्बाचा, म्हणजे त्या जंगलातल्या पोराच्या चित्रपटमालिकेचा, उल्लेख करून सटकलात, तेव्हा पुढचं मी सांगतो. 12 चित्रपट, सगळे एकाच दिग्दर्शकाचे, आणि जनावरं बरीचशी 1930 च्या ‘आफ्रिका स्पीक्स’ नावाच्या माहितीपटातून उचललेली. पोरगं 1949 सालात झाडाआडून डोकावतं आणि त्याला जिराफ दिसतो तो 1930 मधला. दोघांच्या मध्ये एक महायुद्ध होऊन गेलंय. याला तुम्ही कला म्हणता, आम्ही पेठेत याला शिळ्याला फोडणी म्हणतो.

तंबूतला_प्रेक्षक

मग ती फोडणी हॉलिवूडच्या बड्या एमजीएम स्टुडिओनंही दिली होती हेही सांगा की. ‘ट्रेडर हॉर्न’साठी आफ्रिकेत केलेलं चित्रण उरलं होतं, ते 1932 च्या टारझनमध्ये घातलं. मोठ्या स्टुडिओनं केलं की काटकसर, छोट्यानं केलं की चोरी.

आणि आपल्या मुंबईतले स्टंटपटवाले होमी वाडिया, त्यांचं काय? ‘तुफानी टारझन’ 1937 चा. त्यातला नायक जॉन कावस हा कमावलेल्या शरीराचा माणूस, स्टंट स्वतः करायचा. ‘झिंबो’ 1958 चा. या मंडळींबरोबर काम केलेल्या बाबुभाई मिस्त्रींना लोक ‘काला धागा’ म्हणायचे, कारण 1937 च्या एका चित्रपटात काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवून त्यांनी अदृश्य माणूस उभा केला होता. दोरा! बजेट किती, तर एक रीळ.

खवचट_सदाशिव

तो काळा धागा निदान दिसत नव्हता. हा धागा दिसतोय, हीच अडचण आहे.

पसाडेनाकर

आमच्या घराजवळ आर्केडियाला लॉस एंजेलिस काउंटीची मोठी वनस्पतिबाग आहे. तळं, भोवती ताडाची झाडं. वाइसम्यूलरचा टारझन आणि जंगल जिम, दोघांचंही ‘आफ्रिका’ बऱ्याच वेळा तिथे उभं राहिलं. आईबाबा इकडे आले की त्यांना तिथे नेतो. बाबा तळ्याकडे बघून म्हणाले, “एवढंच? मी तर यात मगरी पाहिल्यात.” चेहरा असा पडला की परत येताना गाडीत गप्प.

गंमत म्हणजे त्या बागेत अस्सल एकच गोष्ट आहे, मोर. जुन्या मालकानं भारतातून आणवले होते, आता गावभर झालेत आणि पहाटे चारला झोपमोड करतात. त्यावरून इथल्या लोकांची जी भांडणं चालतात त्याचा वेगळा धागा काढता येईल.

निळा_खंड्या

आवाजाचा विषय निघालाच आहे तर.

कुठलाही जंगलपट लावा. नायक होडीतून उतरला की पाचव्या सेकंदाला वरून एक खदाखदा हसणारा आवाज येतो. तो कुकाबुरा आहे. ऑस्ट्रेलियाचा पक्षी, आपल्या खंड्याच्या कुळातला. आफ्रिकेत नाही, भारतात नाही, ॲमेझॉनमध्ये नाही. पण हॉलिवूडनं एकदा ध्वनिमुद्रण करून ठेवलं आणि त्या पक्ष्याला जगभर हिंडवलं. मला या चित्रपटांचा त्रास कथेमुळे होत नाही, त्या हसण्यानं होतो. बायको म्हणते तू सिनेमा बघत नाहीस, हजेरी घेतोस.

आणि हे जुन्यांपुरतं नाही हो. आपल्या मराठी मालिका बघा. रात्र दाखवायची, की टिटवी. कुठेही. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सासू विष कालवतेय आणि बाहेर टिटवी. टिटवी माळावरचा, पाण्याकाठचा पक्षी आहे!

मोहोळकर

टिटवी आमच्या गच्चीवर अंडी घालून गेली आहे. रात्री ओरडते. मालिकावाले बरोबर आहेत.

निळा_खंड्या

सपाट गच्चीवर खडी असेल तर घालते, ते माहीत आहे. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की प्रत्येक गच्चीवर घालत नाही.

मोहोळकर

आमच्या घातली. फोटो आहे.

राजेहो

राजेहो, पक्षी सोडा, वाघाचं काय ते बोला. आमच्याकडं ताडोबा पाहाले येते पब्लिक, अन् जिप्सीत बसून विचारते, सिंह कुठं दिसन? हे या टारझनचंच पाप आहे. त्याच्या जंगलात सगळंच राहते. आम्ही चंद्रपूरचे लोक उन्हात जळतो, वाघ आमच्या वावरात येते, अन् सफारीचं बुकिंग मिळते पुण्या-मुंबईच्या लोकायले. ह्यावर कोणी धागा नाही काढत.

खवचट_सदाशिव

राजेहो, ती चूक मुळातच आहे. बरोजची टारझनची गोष्ट 1912 साली मासिकात आली तेव्हा आफ्रिकेच्या जंगलात चक्क वाघ होता. वाचकांनी ओरड केली, मग पुस्तकात त्याची सिंहीण झाली. वाचकांनी! म्हणजे तेव्हाच्या स्वस्त मासिकाचा वाचकसुद्धा तंबूतल्या प्रेक्षकापेक्षा चिकित्सक होता.

तंबूतला_प्रेक्षक

वाघ, टिटवी, मोर, ताडोबाचं बुकिंग. माझ्या धाग्यात विषय सोडून सगळं आहे. चालू द्या.

सावली_अहेरी

विषयावर येते मग.

मी अहेरी तालुक्यातली. शिकायला शहरात वसतिगृहावर राहिले. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी रांगेत उभी राहिले की मागून ‘झिंगालाला’ सुरू व्हायचं. ताटावर चमचे वाजवून. वर्षभर. ज्या मुली हे करायच्या त्यांनी जंगल पाहिलं नव्हतं, आमच्याकडचा माडिया आदिवासी माणूस पाहिला नव्हता. त्यांनी पाहिले होते ते तुमचे जंगलपट, आणि त्यांची नक्कल करणारे हिंदी चित्रपट. पिसं, हाडांच्या माळा, मधोमध कढई, भोवती नाच, आणि गोरा नाहीतर गोरागोमटा नायक येऊन सोडवणार.

1932 च्या ज्या टारझनचा वर उल्लेख आहे त्यात बुटक्या टोळीची माणसं काळा रंग फासलेले गोरे लोक आहेत. याच चित्रपटांत आशियाई हत्तींना मोठे खोटे कान चिकटवून आफ्रिकन केलं होतं. म्हणजे हत्तीला कान लावायचे आणि माणसाला रंग, दोन्हीची किंमत एकच. तुम्ही हत्तीच्या वजनावर एवढं छान लिहिलंत. त्याच चौकटीत माणसं उभी असतात, त्यांना वजन आहे का?

तंबूतला_प्रेक्षक

ताई, तुमच्याबरोबर जे झालं ते वाईट झालं, त्याबद्दल दुमत नाही. पण मेसमधल्या मुलींच्या उद्धटपणाची पावती साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या चित्रपटांवर फाडू नका. त्या मुलींनी ‘जंगल जिम’ बघितला असेल यावर माझा विश्वास नाही. तो बघणारे आम्ही देशात मूठभर आहोत. आणि आजच्या फूटपट्टीनं मोजायला लागलो तर शिल्लक काय राहील? सगळंच जाळा.

सावली_अहेरी

मी जाळा म्हटलेलं नाही. वाचा परत. आणि ‘आजची फूटपट्टी’ हे काय असतं? त्या मेसमध्ये मला जे वाटलं ते 1958 सालीसुद्धा वाटलंच असतं. फक्त तेव्हा आमच्यातलं कुणी तुमच्या तंबूत तिकीट काढून बसलं नव्हतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

“सगळंच जाळा” हे तुमचं वाक्य आहे. माझ्या तोंडी घालू नका.

मोहोळकर

ताईंना +१. मात्र तंबूत कोण बसायचं ते माहीत नाही असं बोलू नका. आमच्या जत्रेतल्या टुरिंग टॉकीजला सगळे असायचे, जमिनीवर, बाया एका बाजूला.

लालबागची_नात

थोडं वेगळं बोलते, रागावू नका कुणी.

माझी आजी गिरणीतली. तिला वाडियांच्या स्टंटपटांची नायिका नाडिया म्हणजे देव. ‘हंटरवाली’ आणि 1942 ची ‘जंगल प्रिन्सेस’. वाडियांचा स्टुडिओ परळलाच, पुढे शांतारामबापूंनी राजकमल केला तोच. आजी सांगायची, पडद्यावर बाई पुरुषाला उचलून आपटते तेव्हा पिटातल्या बाया अशा शिट्ट्या मारायच्या की डोअरकीपर टॉर्च घेऊन यायचा. आजोबा हात उगारायचे. एकदा तिनं त्यांचा हात धरून ठेवला आणि सोडलाच नाही. “नाडियावानी,” असं म्हणायची. त्यांनी पुन्हा उगारला नाही असं आई सांगते. आता मला कुणी सांगा की हा कचरा होता.

खवचट_सदाशिव

नाडिया म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली गोरी बाई. सावलीताईंचा मुद्दा तुमच्या आजीनं सिद्धच केला. सोडवायला आलीच शेवटी गोरी.

लालबागची_नात

हात आजीनं धरला होता, नाडियानं नाही. खवचटपणा आवरा जरा.

सावली_अहेरी

आजींना माझा नमस्कार सांगा. हे मी उपरोधानं लिहीत नाहीये. पण त्यांना पडद्यावर स्वतःला ठेवायला जागा सापडली. आम्हाला कढईभोवतीची मिळाली. जागा कुणाला मिळाली त्यावर ठरतं की चित्रपट गोड वाटणार की कडू.

आठशेचं_तिकीट

मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नचे भाव बघता सगळ्यांनी तंबूतच परत जावं हे उत्तम. विषयाशी संबंध नाही, पण कुठेतरी बोलायचं होतं.

तंबूतला_प्रेक्षक

सावलीताई, एवढं कबूल करतो की टोळीचा नाच आला की मी रिमोटनं पुढे ढकलतो. कंटाळा येतो म्हणून ढकलतो असं मी स्वतःला सांगत आलोय. तुम्हाला यात विजय दिसत असेल तर घ्या.

पण हत्तीवरून मी हटणार नाही. आणि साबूबद्दल कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. म्हैसूरच्या माहुताचा मुलगा, 1937 मध्ये ‘एलिफंट बॉय’नं जगभर गाजला. त्याला रंग फासावा लागला नाही, हत्तीला कान लावावे लागले नाहीत. पोरगं हत्तीशी बोलतं आणि हत्ती ऐकतो. तिथे जागा मिळाली होती की आमच्या माणसाला.

सावली_अहेरी

मिळाली. पुढे हॉलिवूडनं त्याला मोठेपणीही बहुतेक वेळा उघड्या अंगानं जंगलातच उभं केलं. 1956 पर्यंत ‘जंगल हेल’सारखी कामं. कोट घालून ऑफिसात बसलेला साबू तुम्ही किती वेळा पाहिलात?

‘एलिफंट बॉय’ मात्र मलाही आवडतो. आमच्याकडच्या कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधले हत्ती बघत मोठी झाले आहे, माहूत जनावराशी कसा बोलतो ते मला कळतं. तेवढ्यापुरतं तुमचं वजनाचं म्हणणं खरं आहे. तेवढ्यापुरतंच.

तंबूतला_प्रेक्षक

‘तेवढ्यापुरतं’सुद्धा चालेल. या संस्थळावर मला याहून जास्त कधी मिळालेलं नाही.

राजेहो

कमलापूरचं नाव आलं म्हणून, तिथले हत्ती गुजरातले न्याचं चाललं होतं तवा आपण किती जण बोललो? सांगा आता.

निळा_खंड्या

राजेहो, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

दरम्यान मोहोळकरांनी फोटो पाठवला. मोठा करून पाहिला. ती टिटवी नाही, माळटिटवी आहे. डोळ्यापुढची कातडी, म्हणजे गलोल, लाल नाही, पिवळा आहे. दोघींचा आवाज पूर्ण वेगळा.

मोहोळकर

अंडी तर घातली ना?