सगळ्या औषधांना 'आर', तरी दोन औषधांच्या जोडीनं आई बरी झाली. हे कसं?

निळीशाई:
आई तीन आठवडे आयसीयूत होती. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं, जंतू क्लेब्सिएला. कल्चरचा रिपोर्ट आला तेव्हा औषधांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत 'आर', म्हणजे रेझिस्टंट. मेरोपेनेम या ताकदीच्या अँटिबायोटिकपुढेही आर. तळाशी 'एनडीएम' असं लिहिलेलं. डॉक्टरांनी सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि सोबत ॲझ्ट्रिओनाम सुरू केलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. आता आई घरी आहे, भिंतीला धरून चालते.

माझी शंका अशी, की रिपोर्टमध्ये या दोन्ही औषधांना आर होतं. मग एकत्र दिल्यावर ती लागू कशी पडली? आणि रेझिस्टन्सच मोडून काढणाऱ्या औषधांचं संशोधन सध्या कुठवर आलंय? मी कॉमर्सचा माणूस, पण कुणी सविस्तर लिहिलं तर दोनदा वाचून समजून घेईन.

पेट्रीडिश:
आई चालायला लागल्या हे वाचून फार बरं वाटलं. मी चौदा वर्षं मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. सगळीकडे आर असलेल्या रिपोर्टवर सही करताना आजही हात जड होतो.

पेनिसिलिनच्या जातकुळीतल्या औषधांमध्ये बीटा-लॅक्टम नावाची कडी असते. काही जंतू ती कडी तोडणारं एन्झाइम बनवतात. एब्रहम आणि चेन यांनी ते 1940 मध्येच नोंदवलं होतं, पेनिसिलिन बाजारात यायच्या आधी! त्यावर उपाय म्हणून क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आलं. ते स्वतः जंतूला फारसं मारत नाही. एन्झाइम त्याला औषध समजून धरतं आणि तिथेच अडकून बसतं, तेवढ्यात खरं औषध आपलं काम उरकतं. 1981 पासून ॲमॉक्सिसिलिनसोबत ते दिलं जातंय. 2015 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ॲव्हिबॅक्टम याच कामाचं, पण बरंच ताकदीचं.

आता एनडीएम. हेही कडी तोडणारं एन्झाइम, मेरोपेनेमलाही तोडणारं. त्याचं काम जस्ताच्या अणूंवर चालतं, त्यामुळे ॲव्हिबॅक्टम त्याला अडवू शकत नाही. ॲझ्ट्रिओनाम मात्र एनडीएमला तोडता येत नाही. मग रिपोर्टमध्ये आर का? कारण त्याच जंतूकडे ॲझ्ट्रिओनाम तोडणारी दुसरी एन्झाइम्स असतात, आणि त्यांना ॲव्हिबॅक्टम अडवतं. म्हणजे तुमच्या आईंच्या बाबतीत ॲझ्ट्रिओनामनं जंतू मारले आणि ॲव्हिबॅक्टमनं त्याला राखलं. सेफ्टाझिडिम केवळ ॲव्हिबॅक्टमच्या बाटलीत होतं म्हणून आलं. आता ॲझ्ट्रिओनाम-ॲव्हिबॅक्टम अशी थेट जोडीही आहे: युरोपात 2024 मध्ये, अमेरिकेत 2025 मध्ये मान्यता मिळाली.

हे डोळ्यांनी दिसतं. प्लेटवर जंतू पसरून दोन्ही औषधांच्या चकत्या शेजारी शेजारी ठेवायच्या. सकाळी काळ्या कागदावर प्लेट धरली की चकत्यांच्या बाहेरच्या बाजूला जंतूंची दाट साय असते, अगदी कडेपर्यंत. पण दोन चकत्यांच्या मधली जागा स्वच्छ. ती पट्टी दिसली की मी रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबत नाही, आधी वॉर्डला फोन करते.

सायंतारा:
ताईंनी छान सांगितलं. मी पीएचडी करतेय, विषय हाच: एनडीएमला अडवणारे रेणू. आमच्याकडे नायट्रोसेफिन नावाचं पिवळं द्रव्य वापरतात. एन्झाइमनं ते तोडलं की लाल होतं. 96 खळग्यांची प्लेट मशीनमध्ये ठेवायची आणि कुठला खळगा पिवळा राहतोय ते बघायचं. पिवळा राहिला म्हणजे आपल्या रेणूनं एन्झाइम अडवलं. बहुतेक दिवशी सगळी प्लेट लाल होते.

2014 मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात जेरी राइट यांच्या गटाला एका बुरशीतून ॲस्परजिलोमॅरॅझमिन ए मिळालं. ते एनडीएममधलं जस्तच काढून घेतं. मेरोपेनेमला जोडून दिल्यावर बाधित उंदीर वाचले. माणसांसाठीचं औषध अजून त्यातून आलेलं नाही, कारण जस्त आपल्या शरीरातल्या कितीतरी एन्झाइम्सनाही लागतं. अडचण नेहमी इथेच येते. जंतूला निःशस्त्र करायचं, पण पेशंटला धक्का न लावता.

दुसरी दिशा एफ्लक्स पंपांची. जंतू औषध आत येताच बाहेर फेकतो, तो पंप बंद पाडायचा. वीस वर्षांहून जास्त काळ प्रयत्न चाललेत, पण असं एकही औषध अजून रुग्णांपर्यंत पोचलेलं नाही. विषारीपणा आड येतो. या विषयावर वर्षं घालवलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

निळीशाई:
दोघींचे खूप आभार. आणखी एक विचारतो. या नव्या औषधांनाही जंतू सरावणारच ना?

पेट्रीडिश:
हो, सरावतात. ॲव्हिबॅक्टम आल्यावर थोड्याच काळात केपीसी या कडी तोडणाऱ्या दुसऱ्या एन्झाइममध्ये एकाच जागी बदल झालेले जंतू सापडले, आणि त्यांना सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमची जोडी चालेना. पण त्यातल्या काहींना लॅबमध्ये मेरोपेनेम पुन्हा लागू पडायला लागलं. एक दार बंद करताना जंतूनं दुसरं उघडं ठेवलं.

हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणायचा प्रयत्नही चाललाय. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये ओएमकेओ1 नावाचा फाज, म्हणजे जंतूंना मारणारा विषाणू, प्रसिद्ध केला. तो स्यूडोमोनास नावाच्या जंतूच्या एफ्लक्स पंपालाच चिकटतो. फाजपासून वाचायचं तर जंतूला पंप बदलावा लागतो, आणि पंप बिघडला की जुनी अँटिबायोटिक्स पुन्हा चालतात. सायंतारा, तुमच्या पंपवाल्यांसाठी ही वाट मला फार आशेची वाटते.

निळीशाई, एक काम नक्की करा. असे जंतू इन्फेक्शन बरं झाल्यावरही आतड्यात कित्येक महिने राहू शकतात. आईंना पुन्हा कधी ॲडमिट करावं लागलं, तर पहिल्याच दिवशी 'आधी एनडीएम सापडलं होतं' हे सांगा. डॉक्टरांचे सुरुवातीचे दोन दिवस अंदाजात जाणार नाहीत.

निळीशाई:
रिपोर्टच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक फाइलमध्ये सगळ्यात वर लावली, एक बहिणीकडे दिली, एक आईच्या पर्समध्ये ठेवली.