एकच गोळी, दोन पट्ट्या (तुमचेही अनुभव लिहा)

तापीकाठ
आखाजीला माहेरी भुसावळला आलेय. कपाट आवरताना अण्णांचा औषधांचा डबा निघाला, त्यात त्या दोन पट्ट्या अजून तशाच. पोटात कसंतरी झालं.

रिटायर झाल्यावर अण्णांना डिप्रेशन आलं. नेक्सिटो १० मिलिग्रॅम चालू होती. महिन्याचा खर्च बघून मी जनऔषधी केंद्रातून एसिटालोप्राम आणली, तेच औषध. पण जुनी पट्टी काढायची राहिली. आईला वाटलं, डॉक्टरांनी नवीन वाढवली. सकाळी ही, रात्री ती. आठ दिवसांत हात थरथरायला लागले, घाम, जुलाब. आम्ही बोल लावला वांग्याच्या भरताला, मिरच्या जास्त पडल्या म्हणून! डॉक्टरांनी डबाच मागवला. अण्णांच्या वयाला १० पुरे, पोटात जात होती २०.

केळीची_बाग
कापलेली पट्टी हाच घोळ. सहा गोळ्या आपल्याला, नाव राहतं दुकानात.

अहिराणी_गडी
आमना आबा बी असंच करतस. गोयी खादी का नही याद नही ऱ्हास, मंग आखो एक खाई लेतस.

यावलची_लेक
आईचे पाय जळायचे, शुगर. फिजिशियनने ड्युलोक्सेटिन दिली. मानसोपचारवाल्यांची आधीपासून तीच चालू, नाव वेगळं. त्यांना एकमेकांचा पत्ताच नाही, कारण मनाच्या डॉक्टरचा कागद आईने गव्हाच्या कोठीत लपवलेला. जावांना कळेल म्हणून!! औषधापेक्षा त्या कोठीचाच राग येतो मला.

केळीची_बाग
@यावलची_लेक आमच्याकडे बीपीची सांगतात 🙂

खापरपोळी
आखाजीला आलीस आणि कपाट आवरतेस? मांडे झाले का?

तापीकाठ
झाले गं, आत्याने केले. माझा खापरावर पोचेपर्यंत फाटतो.

मेडिकलवाला_धुळे
दुकानातून लिहितोय, गिऱ्हाईक आहे. मोठं रंगीत नाव सोडा, 'टॅबलेट्स आयपी'च्या आधी काय लिहिलंय ते वाचा. ते एकच आणि पट्ट्या दोन, तर आधी विचारा. आणि घाबरून दोन्ही एकदम बंद करू नका, चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. डॉक्टरला फोन. सकाळची राहिली म्हणून रात्री दोन, हेही नको.

अहिराणी_गडी
आबाले वाची दावस. चष्मा सापडना ते.

तापीकाठ
पट्ट्या काढल्या एकदाच्या. आई म्हणतेय डबा टाकू नको, हळदीला होईल. मी नाही म्हटलं, तर रुसून बसलीय.