मदत हवी आहे: ड्रेनेज लाइन गेटासमोर, सेप्टिक टँक मागे आणि मधोमध झोनची हद्द

मंडळी, जाणकारांकडून मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय गुंता कळायचा नाही.

ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला आमची सोसायटी. ८४ घरं, दोन विंग, लिफ्ट कधी चालू कधी बंद. गेल्या वर्षी सभेत कुणी हात वर करेना म्हणून मी सेक्रेटरी झालो. तेव्हापासून जेवताना 'टँक' हा शब्द काढायचा नाही, अशी बायकोची सक्त ताकीद आहे.

इमारत उभी राहिली तेव्हा आमच्या भागात मलवाहिनी नव्हती. बिल्डरने मागच्या कोपऱ्यात सेप्टिक टँक बांधला, त्याला शोषखड्डा जोडला आणि मोकळा झाला. उन्हाळ्यात ठीक चालतं. जून लागला की जमीनच पाण्याने फुगलेली, शोषखड्डा शोषणार काय? मग टँक तुंबतो, बी विंगच्या पार्किंगमध्ये ओघळ येतो आणि तिथून पावसाळी गटारात. हे बरोबर नाही हे मलाही कळतं. मैला उपसणारी गाडी पूर्वी वर्षाकाठी एकदा यायची, गेल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बोलावली.

आता खरी गंमत. तीन वर्षांपूर्वी आमच्या गेटासमोर सर्व्हिस रोडवर नवी मलवाहिनी पडली. चेंबर गेटापासून जेमतेम ११ मीटर. पालिकेत अर्ज केला, तर पहिल्या टेबलावर ऐकलं की ही लाइन अजून चालू नाही, पुढचं पंपिंग स्टेशन झालं की बघू. बरं, आमच्या मागच्या गल्लीत चालू लाइन आहे, तिथल्या तीन सोसायट्या जोडल्या गेल्यात. तिथे विचारलं तर दुसऱ्या टेबलावर नकाशा उघडला गेला. त्यावर आमच्या मागच्या भिंतीवरून एक जांभळी रेघ. "तुम्ही रेघेच्या अलीकडे. हा झोन वेगळा."

प्रभाग समिती एकच, पिन कोड एकच, नगरसेवक एकच. मग ही रेघ कोणी मारली? ती बदलता येते का? मालमत्ता कराच्या बिलात मलप्रवाहाच्या नावाने रक्कम दरवर्षी भरतोय, ती कशाबद्दल? आणि कोणी तरी म्हणालं की कायद्यात १०० फुटांचा काही नियम आहे, तो आमच्या बाजूचा आहे की विरुद्ध?

कोणी यातून गेलं असेल तर सांगा. कोणाला शिव्या घालायच्या नाहीत, जोडणी हवी आहे.

कोलशेतकर

+१. आमच्याकडेही हीच रड, फक्त आमच्यात भरतीची भर. खाडीला मोठी भरती आणि वरून पाऊस एकाच वेळी आला की नाल्याचं पाणी उलटं येतं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

तिसावा मजला

तुम्ही एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) का बांधत नाही? आमच्याकडे आहे. त्याच पाण्यावर बाग आणि फ्लश.

धागाकर्ता

@तिसावा मजला, साहेब, तुमचा टॉवर २०,००० चौरस मीटरच्या वरचा असणार, पर्यावरण मंजुरीतच एसटीपीची अट येते. आमच्याकडे पार्किंगला जागा नाही, एसटीपी कुठे, गच्चीवर?

निवृत्त ओव्हरसियर

बत्तीस वर्षं हेच केलं (ठाण्यात नाही, दुसऱ्या शहरात), म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, ड्रेनेजचा झोन आणि प्रभाग यांचा एकमेकांशी संबंध नसतो. प्रभागाची हद्द माणसं मोजून आखतात, ड्रेनेजची पाण्याचा उतार बघून. शाळेत पाणलोट क्षेत्र शिकलात ना, तेच. फरक इतकाच की इथे पाऊस नाही, मोऱ्या आणि संडास. तुमच्या भागात येऊरच्या डोंगराकडून खाडीकडे उतार. त्याला आडवा घोडबंदर रोड, आणि तो दर काही वर्षांनी थर चढून उंच झालेला. म्हणजे रस्त्यातली लाइन रस्त्याच्या कडेने पुढे जाणार आणि मागच्या गल्लीतली खाडीकडे उतरणार. दोन वेगळी पंपिंग स्टेशनं, म्हणून दोन झोन. रेघ मारणाऱ्याने तुमचं गेट रस्त्यावर बघितलं आणि तुम्हाला रस्त्याच्या झोनमध्ये टाकलं असणार. टँक मागे आहे हे त्याला ऑफिसात बसून कसं दिसणार?

दुसरी गोष्ट महत्त्वाची. समोरची लाइन उद्या चालू झाली तरी तुमचं पाणी तिच्यात जाईल का? ११ मीटर हे गेटापासूनचं अंतर. टँकपासून किती? सहा इंची पाइपाला ढोबळ मानाने ६० ला १ उतार लागतो. वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की घाण पाइपात बसायला लागते, मग रोज चोकअप. चेंबरच्या तळाची पातळी, म्हणजे इन्व्हर्ट लेव्हल, आधी काढा. झोनचं भांडण नंतर.

चेंबर स्वतः उघडू नका. चोकअपची टीम आली की त्यांना उघडायला सांगा आणि वरून काठी सोडून खोली घ्या. आत वाकायचं नाही. २०१९ मध्ये ढोकाळीत एका सोसायटीच्या एसटीपीत सफाईला उतरलेले तिघे गुदमरून गेले. विषारी वायू आधी सांगून येत नाही.

मीनल ओवळा

आणि टँक साफ करायला माणूस उतरवत असाल तर ताबडतोब थांबवा. २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे. अशा मृत्यूला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख भरपाई ठरवली होती, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. सेक्रेटरी म्हणून सही तुमची असते, एवढं लक्षात ठेवा.

धागाकर्ता

@मीनल ओवळा, फक्त सक्शनची गाडी येते. एकदा गाडीवाला म्हणाला होता, 'खाली गाळ घट्ट बसलाय, पोरगा उतरवतो दोन मिनिटं.' नाही म्हटलं. ते लेखी ठेवायला हवं होतं, आता ठेवतो.

ओव्हरसियर साहेब, तुमच्यासमोर हात जोडतो. काल शेजारच्या सोसायटीत चोकअपची टीम आली होती, त्यांना चहा पाजून दोन्ही चेंबर उघडून घेतले. लेव्हलचं यंत्र कुठून आणणार? आमचा गवंडी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आला. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, मधे वॉचमन नळीतला बुडबुडा टिचक्या मारून काढतोय. अख्ख्या बी विंगच्या बाल्कन्या भरल्या होत्या. नळीतलं पाणी थांबलं त्या रेषेपासून खाली मापं घेतली.

टँकचं आउटलेट १.८० मीटर खाली. समोरच्या चेंबरचा तळ १.४५ मीटर खाली. मागच्या गल्लीतल्या चेंबरचा तळ २.७० मीटर खाली.

टँकपासून समोरच्या चेंबरपर्यंत ६६ मीटर, मागच्या चेंबरपर्यंत २८.

निवृत्त ओव्हरसियर

शाब्बास. गवंड्याची नळी खोटं बोलत नाही.

आता गणित बघा. समोर जायचं तर ६६ मीटरला ६० ला १ प्रमाणे १.१० मीटर उतार हवा. तुमच्याकडे उतार नाहीच, उलट ३५ सेंटीमीटर चढ आहे. म्हणजे जवळपास दीड मीटर कमी पडतंय. पंप बसवून चढवता येईल, पण मैल्याचा पंप सोसायटीने सांभाळायचा म्हणजे वीज गेली की पुन्हा पार्किंग.

मागे जायचं तर ४७ सेंटीमीटर उतार पुरे, तुमच्याकडे ९० आहे. तुमची सोसायटी निसर्गतः मागच्या झोनची. हे एका कागदावर आकृतीसह लिहा. जांभळ्या रेघेला दुसरं कुठलंही उत्तर पुरणार नाही.

ते एक विचारतील: मागच्या लाइनीत तुमचं पाणी मावेल का? मलनिःसारणाची लाइन साधारण तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून आखतात. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात. ८४ घरं, घरटी साडेचार माणसं धरा: रोज ४१ हजार लिटरच्या आसपास. ऐकायला मोठं वाटतं, पण गल्लीच्या मुख्य लाइनीला ते फार नसतं. हा आकडा अर्जात तुम्हीच घाला, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

कायद्याचं बोला

कराबद्दल. ठाण्याला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे (पूर्वीचा मुंबई प्रांतिक, आता महाराष्ट्र). मुंबई शहराचा १८८८ चा कायदा वेगळा, त्यात मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर असे दोन निरनिराळे कर आहेत. व्हॉट्सअॅपवर फिरणारे सल्ले बहुतेक मुंबईचे असतात, तेव्हा जपून. तुमच्या बिलात नेमकं कोणत्या नावाने काय लागलंय ते शब्दशः बघा. नावात 'लाभ' असेल तर वाद 'आमची जोडणी नाही' एवढ्यावर उभा राहत नाही, सोय उपलब्ध आहे की नाही यावर जातो. आणि खरं सांगू? आज कराचं भांडण काढलंत तर जोडणी मागे पडेल. बिल निषेध नोंदवून भरा, थकबाकी ठेवू नका. थकबाकीदार अर्जदाराचं कोण ऐकतं?

१०० फुटांचं असं आहे. पालिकेची मलवाहिनी १०० फुटांच्या आत असेल तर आयुक्त मालकाला 'जोडून घे' असं फर्मावू शकतात. म्हणजे तो नियम मुळात तुमच्यावरच्या सक्तीचा आहे, पण तुम्ही तो उलटा वापरा: "आम्ही १०० फुटांच्या आत आहोत, अधिनियमाप्रमाणे आम्हाला जोडून घेणं अपेक्षितच आहे." मागची लाइन २८ मीटर, म्हणजे ९२ फूट. बसता.

माहिती अधिकारात 'आम्हाला जोडणी का दिली नाही' असं विचारू नका. 'का'ला उत्तर मिळत नाही, कागद मागा. झोनचा मंजूर नकाशा, मागच्या गल्लीतल्या लाइनीचा प्रत्यक्ष टाकल्याप्रमाणेचा नकाशा इन्व्हर्ट लेव्हलसह, लाइन चालू झाल्याची नोंद. दहा रुपये फी, तीस दिवस. त्यापेक्षा सोपं म्हणजे दफ्तर पाहणी मागा आणि जांभळी रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. जोडणीचा अर्ज मात्र लोकसेवा हक्काच्या कायद्याखाली करा (२०१५ चा). पोच घ्या. अर्ज नाकारला तर लेखी कारण द्यावं लागतं आणि त्यावर अपील होतं. तुमची दोन्ही उत्तरं तोंडीच आहेत ना?

धागाकर्ता

तोंडीच. एकही कागद नाही हे तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आलं. वर्षभर मी नुसता चकरा मारत होतो.

आता नवीन अडचण. मागची भिंत आणि गल्ली यांच्यामध्ये २४ मीटरचा मोकळा प्लॉट आहे, गावातल्या एका काकांचा. आमची इमारत व्हायच्या आधी इथे त्यांची भातशेती होती. कमिटीतले दोघे त्यांच्याकडे गेलो. काकांनी खाटेवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पायप टाका, पन उद्या मी घर बांधला त चेंबर माजे दारान नको." एवढंच. पैशाचा विषयही काढला नाही. परत येताना आमचे खजिनदार म्हणाले, बिल्डरने त्या वेळी यांच्याशी एक शब्द बोलला असता तर टँकच लागला नसता.

तर काकांकडून काय लिहून घ्यायचं? ५०० च्या स्टॅम्पवर संमती पुरेल?

कायद्याचं बोला

नोटरीवर भागवू नका. काका आहेत तोवर ठीक, उद्या त्यांच्या मुलांनी प्लॉट विकला तर नवा मालक पाइप उखडायला सांगेल. जमिनीतून कायम पाइप नेण्याचा हक्क घेताय, तर रीतसर दस्त करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. सातबारा काढा, काकांचे भाऊबहीण वारस असतील तर सगळ्यांच्या सह्या. आणि पाइप प्लॉटच्या मधून नको, कडेच्या बांधाबांधाने न्या. चेंबर तुमच्या भिंतीच्या आत आणि गल्लीत, मधे एकही नाही. काकांची अटही पाळली जाते.

संमती मिळाली नाही तर दुसऱ्याच्या जमिनीतून नेण्याची परवानगी आयुक्तांकडे मागण्याची सोय कायद्यात आहे, पण ज्याने खाटेवर बसवलं त्याच्यावर नोटीस काढू नका.

निवृत्त ओव्हरसियर

२४ मीटर सरळ असेल तर मधे चेंबर नसला तरी चालेल. कोपरा आला तर मात्र चेंबर लागतोच, काकांना आधीच सांगा. पाइप टाकण्याआधी टँकचं काय करायचं तेही ठरवा. थेट जोडणी झाली की टँक मधून काढून टाकायचा, उपसून, भरून बंद करायचा. नुसतं झाकण लावून ठेवलेला रिकामा टँक पोरं खेळतात त्या जागी नको. आणि पार्किंगचं गटार मलवाहिनीत सोडू नका, पावसाचं पाणी त्यात गेलं तर मागच्या तीन सोसायट्यांच्या मोऱ्या उलट्या येतील, मग तुमच्या नावाचा धागा त्या काढतील.

कोलशेतकर

खजिनदारांना नमस्कार सांगा.

धागाकर्ता

ताजी खबर. आकृती, मापं, ४१ हजार लिटरचा हिशोब आणि '९२ फूट' असं सगळं एका पानावर घालून अर्ज दिला, पोच घेतली. या वेळी पान उलटून बघितलं गेलं. बुधवारी बारा वाजता कनिष्ठ अभियंता जागा बघायला येणार आहेत. काकांचा सातबारा काढलाय, तीन नावं आहेत, एक बहीण शहापूरला असते, तिच्याकडे रविवारी जातोय.

गवंड्याची नळी परत दिलेली नाही. बुधवारपर्यंत माझ्याकडेच आहे.