सरावासाठी टिकाऊ तलवारी पुण्यात कुठे मिळतील? आमचं एक पातं मुठीतून तुटलं

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज. आम्ही सहा-सात जण दर रविवारी सकाळी एका मित्राच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये युरोपियन लाँगसोर्डचा (दोन्ही हातांनी धरायची लांब, सरळ तलवार) सराव करतो, जुन्या जर्मन आणि इटालियन हस्तलिखितांवरून, दीड वर्ष झालं आता. आधी बाभळीच्या लाकडाच्या तलवारी सुताराकडून करून घेतल्या, मग नायलॉनच्या घेतल्या, पण पात्याला पातं भिडवून समोरच्याच्या हातातला जोर जोखायचा जो भाग आहे तो लाकूड-नायलॉनमध्ये नीट कळत नाही, नुसतं उसळतं किंवा घसरतं. म्हणून ऑनलाइन दोन लोखंडी तलवारी मागवल्या, बोथट, लिस्टिंगवर चक्क "बॅटल रेडी" लिहिलेलं.

मागच्या रविवारी हळू ड्रिल चालू होतं, कोणी ताकद लावत नव्हतं, आणि एक पातं मुठीपासून तुटून पंधरा फुटांवरच्या स्कूटरवर जाऊन आदळलं. पाच मिनिटांपूर्वी तिथेच सोसायटीतली लहान पोरं सायकल फिरवत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही खरं सांगतो. मूठ उघडली तर आत पात्याला करंगळीपेक्षा बारीक आटे पाडलेला गज वेल्डिंग करून जोडलेला. म्हणजे बाहेरून एवढी जाड तलवार आणि सगळा भार त्या एका वेल्डवर.

तर पुण्यात किंवा आसपास खरंच टिकणारी तलवार कुठे मिळेल किंवा बनवून मिळेल का? नगामागे पंधरा हजारांपर्यंत तयारी आहे. पुढे आपली तलवार-ढाल पण शिकायची आहे, त्याबद्दलही सांगा.

जुनाबाजार_फॅन:
भाऊ मंगळवार पेठेत जुन्या बाजारात जा रविवारी नाहीतर बुधवारी, ट्रकच्या पाट्याचे, म्हणजे खालच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, तुकडे मिळतात स्वस्तात, तो पाटा म्हणजे एक नंबर स्टील, कुठल्याही लोहाराकडून ठोकून घ्या, हजार-दोन हजारात काम होईल.

भोसरी_भट्टीवाला:
वरच्या भाऊंचा हेतू चांगला आहे पण कृपया हे करू नका. मी हीट ट्रीटमेंटमध्ये अठरा वर्षं आहे, भोसरी एमआयडीसीत. पाट्याचं स्टील चांगलंच असतं, प्रश्न स्टीलचा नाही. जुना पाटा ट्रकखाली लाखो वेळा वाकून आलेला असतो, त्यात केसाएवढ्या भेगा असतात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि ठोकल्यावर त्या सगळ्या बुजतातच असं नाही. खुरपं करा, कोयता करा त्याचा. समोर माणूस उभा असताना फिरवायच्या वस्तूला नवीनच पट्टी घ्या, टेस्ट सर्टिफिकेटसकट. स्प्रिंग स्टीलच्या व्यापाऱ्याकडे ईएन-४५, ५५ एसआय ७ किंवा ईएन-४७ म्हणून मागा. ईएन-४७ म्हणजे क्रोम-व्हॅनेडियम, युरोपातले चांगले कारागीर जे ५१ सीआरव्ही ४ वापरतात त्याचंच भावंड समजा. तुम्हाला मिळाली तर तीच घ्या.

आता खरी गोष्ट. तलवार टिकते ती जाडीमुळे नाही, पाण्यामुळे. आपल्याकडे जुनी माणसं पातं "पाणी पाजलेलं" म्हणायची ते हेच. साधारण साडेआठशे डिग्रीच्या वर तापवून तेलात बुडवायचं, तेव्हा ते काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं, आणि मग लगेच, म्हणजे उद्या नाही त्याच दिवशी, चारशे-साडेचारशेला पुन्हा तापवून, म्हणजे टेम्परिंग करून, तो ठिसूळपणा काढायचा. सरावाच्या तलवारीला ४८ ते ५० रॉकवेल सी (कडकपणाचं माप) पुरे. ५६-५८ आली म्हणून जो खूश होतो त्याची तलवार एक दिवस टचकन तुटते. खूप मऊ राहिली तर वाकते आणि सरळ होत नाही, पण वाकलेली तलवार कोणाच्या डोळ्यात जात नाही. तुटायचीच असेल तर आधी वाकून सांगेल अशी करायची, हे एकच सूत्र मी आमच्या पोरांना सांगतो.

लांब पातं भट्टीत आडवं टाकलं तर केळीसारखं होऊन बाहेर येतं. उभं टांगायची पिट भट्टी लागते आणि तिची खोली चार फुटांच्या वर पाहिजे, हे आधीच विचारून घ्या. एक-दोन नगांसाठी कोणी भट्टी लावत नाही, चार-पाच एकत्र न्या.

आणि तुमचं जिथे तुटलं तो भाग. मुठीच्या आत जाणारा तुकडा, ज्याला टँग म्हणतात, तो पात्याच्याच पट्टीतून काढलेला हवा, वेल्डिंग बिलकुल नाही, कारण वेल्डच्या शेजारचं पाणी उतरतं. रुंदी शक्य तेवढी ठेवा, आणि पातं संपून टँग सुरू होते तिथे काटकोन ठेवायचा नाही, गोलाई द्यायची. मशीनवरचा माणूस सवयीने काटकोन मारतो आणि भेग तिथूनच निघते. पात्यावर नाव कोरू नका, पंच मारू नका, तेही भेगेला आमंत्रणच. स्टेनलेसच्या तलवारी भिंतीवर लावायला आहेत, त्या हातातही घेऊ नका.

आखाड्यातली_ताई:
मी कोथरूडला मुला-मुलींना मर्दानी खेळ शिकवते, माझे गुरुजी कोल्हापूरचे. भट्टीवाले दादांचं सगळं पटलं, फक्त एक सांगते की प्रात्यक्षिकाची तलवार वेगळी आणि एकमेकांवर वार-रोख करायची वेगळी. शिवजयंतीच्या मिरवणुकीत जी फिरते ती बहुतेक पातळ पत्र्याची असते, हलकी, आवाज छान येतो, पण ती लढतीला वापरली तर दोन दिवसांत धारेला दाते पडतात. दांडपट्ट्याचं तर पातंच लवचिक, तो अंतर राखून फिरवायचा, पात्यावर पातं आपटायला नाहीच.

आपल्या तलवार-ढालीबद्दल विचारलंत म्हणून. जुन्या मुठीत पात्याची शेपटी आखूड असायची आणि ती लाख-राळ वितळवून आत बसवलेली असायची. तापवली की मूठ सुटते, म्हणूनच फिरंगी पाती, म्हणजे परदेशातून आलेली सरळ पाती, आपल्या मुठीत बसवता यायची. पण रोज आपटाआपट करायला तुम्ही तशी जोडणी करू नका, शेपटी मुठीतून आरपार काढून कटोरीच्या, म्हणजे मुठीच्या टोकाच्या गोल चकतीच्या, वर ठोकून बसवा. दुसरं, राजा केळकर संग्रहालयात जाऊन मुठी बघा, किती लहान आहेत ते. हात घट्ट बसतो, वरची कटोरी मनगटाला लागते, त्यामुळे मनगट झटकून वार होत नाही, खांद्यातून ओढून कापायचा वार येतो. मूठच शिकवते कसं मारायचं ते! पण तुम्ही जाड पॅडिंगचे हातमोजे घालणार, ते त्या मुठीत जाणारच नाहीत, तेव्हा सरावाची मूठ आणि परज (मूठ-पात्यामधली हाताची आडवी ढापण) मोठी करून घ्या.

आणि खरं सांगू का, आधी वर्षभर फरीगदका खेळा. वेताची काठी, वरून चामडं, हातात छोटी फरी. आपल्या लोकांनी सराव करताना माणूस जखमी होऊ नये म्हणूनच ते काढलं. माझ्याकडची दहा वर्षांची मुलगी त्यावर जे पवित्रे टाकते ते लोखंड हातात असलेल्या मोठ्यांना जमत नाहीत.

फेडर_घेतली_मी:
मी दोन वर्षांपूर्वी हंगेरीहून रेगेन्येईची फेडर मागवली. फेडर म्हणजे सरावासाठीच असलेली लाँगसोर्ड, परजेच्या पुढे थोडं रुंद पातं, मग अरुंद, टोक गोल किंवा दुमडलेलं, भोसकताना पातं कमान होऊन जोर खातं. वजन दीड किलोच्या आत. कस्टममध्ये तीन आठवडे अडकली, वापराचं पत्र द्यावं लागलं, ड्युटी-कुरिअर धरून तुमच्या बजेटच्या बरीच बाहेर गेली. पण आजवर नुसती कानस मारायची, एवढंच. इथे कोणी अडीच किलोची तलवार "मजबूत" म्हणून विकत असेल तर पळ काढा, खऱ्या जुन्या लाँगसोर्डसुद्धा साधारण सव्वा ते दीड किलोच्या असायच्या, जड तलवार मनगटही घालवते आणि समोरच्याची बोटंही.

देशात देहरादूनची विंडलास जुनी आहे, १९४३ पासूनची, पण त्यांच्याकडचंही शोभेचं काय आणि सरावाचं काय ते स्पष्ट विचारून घ्या. आणि तलवारीआधी मास्क. फेन्सिंगचा मास्क १६०० न्यूटनच्या बिबचा बघा (बिब म्हणजे गळ्यावरचं जाड कापड, न्यूटन म्हणजे ते किती जोराचं भोसकणं झेलेल त्याचं माप), त्याला मागून डोक्याचं कव्हर लावा कारण तो मागे उघडा असतो. जॅकेट निदान ३५० न्यूटनचं. पंधरा हजारांतले पहिले पैसे हातमोज्यांवर घाला, आमच्यात जे काही मोडलंय ते बोटंच.

कोर्टकचेरी_शिवाजीनगर:
कायद्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात, त्यात तलवार आहेच. बोथट आहे म्हणून सुटलो असं गृहीत धरू नका, कारण धार लावून वापरता येईल अशी वस्तू खेळणं ठरत नाही. शिवाय सणासुदीला पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश काढतात, त्यात तलवारी, भाले, सोटे, काठ्या सगळं बाळगायला बंदी असते, तेव्हा ताईंच्या लाठ्यासुद्धा. तुम्ही ग्रुपच्या नावाने स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, फोटो, जागा, वार, वेळ सगळं लिहून, पोच घ्या आणि ते काय सांगतील तसं करा. बाइकवर पाठीला उघडी तलवार लावून कधीच जाऊ नका, बंद पिशवीत न्या. आणि पार्किंग सोडा, हॉल घ्या.

सिंहगडरोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज ग्रुपमध्ये बोललो, लोखंड पूर्ण बंद केलंय, दुसरी तलवार पण मूठ उघडून पाहिली, तसाच वेल्ड निघाला, कापून भंगारात दिली म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार नाही. आधी मास्क-हातमोजे, तोवर नायलॉन, आणि दोघं जण ताईंकडे फरीगदका बघायला येऊ का? कर्वे रोडला एक शाळेचा हॉल मिळतोय, पोलीस ठाण्याचा अर्जही लिहायला घेतलाय. भट्टीवाले दादा, पाच पाती एकत्र करायची ठरली तर ड्रॉइंग तुम्हाला दाखवलं तर चालेल का? आणि वापरल्यावर काय काळजी घ्यायची?

आखाड्यातली_ताई:
या की, शनिवारी संध्याकाळी साडेपाचला. अनवाणी खेळतो आम्ही, शूज बाहेर.

भोसरी_भट्टीवाला:
चालेल ना, गुरुवार सोडून कधीही या, गुरुवारी एमआयडीसी बंद. धारेची जाडी दोन मिलिमीटरच्या खाली नको आणि टोक गोल. दर सरावानंतर पात्यावर बोट नाही, कापड फिरवा, जिथे अडकेल तिथे खाच पडलीये, ती कानशीने गुळगुळीत करा, खोल खाचेतूनच पुढे भेग जाते. पावसाळ्यात मशीन ऑइलचा हात द्या आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. महिन्यातून एकदा मूठ हलतेय का बघा, खुळखुळ आवाज आला तर त्या दिवशी ती तलवार बाजूला. आणि ड्रॉइंगवर टँगच्या कोपऱ्याची गोलाई लाल पेनने मोठी करून लिहा, निदान पाच मिमी, मशीनवाल्याला तोंडी पण सांगा.