आण्णांच्या १२१० चं ६९२ इंजिन घरीच खोलायचंय, कुठवर स्वतः करू?

गोठ्यामागची_गाडी

नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यातला, हायस्कुलात गणित शिकवतो. पाना हातात धरला तो मोटरसायकलपुरताच.

आमच्या आण्णांची टाटा १२१० एसई गोठ्याच्या मागं उभी आहे. इंजिनच्या पाटीवर ६९२ आहे. बावीस हंगाम आण्णांनी तिच्यावर ऊस ओढला. गेले तीन पावसाळे ती जागची हललेली नाही. तरी रोज सकाळी वैरण टाकून झाली की आण्णा हातातल्या काठीनं सहाही टायर ठोकून हवा बघतात.

उभी करायच्या आधी ऑइल फार प्यायची. ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) चुलीसारखा धूर यायचा आणि भरली गाडी चढाला दम तोडायची. एक मिस्त्री म्हणाला बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टनच्या कडेनं गॅस खाली गळतोय, रिंग-पिस्टन करा. दुसरा म्हणाला फुल इंजिन. तिसऱ्यानं बॉनेटही न उघडता भंगारवाल्याचा नंबर दिला. म्हणून ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत आपणच खोलायचं.

माझ्याकडं रिंग पान्यांचा सेट आहे, गोटीचा (सॉकेटचा) डबा आहे, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानं बोल्ट कसायचा) नाही. चेन ब्लॉक शेजाऱ्यांचा मिळतोय. अंगणात मोठी चिंच आहे, तिच्या फांदीला लावून इंजिन उचलायचा विचार आहे. काल नवी बॅटरी जोडून सेल्फ मारला, 'टक' करून जागीच थांबलं. परत दोनदा मारून बघितला, तेच. सुरुवात कुठून करू? घरी काय करू आणि बाहेर काय देऊ?

खेप_नंबर_दोन

सर, राग मानू नका, पण भावनेत पडून पैसे घालू नका. पंधरा वर्षांवरच्या ट्रकची पासिंगची फी एप्रिल २०२२ पासून कुठल्या कुठं गेलीय. इंजिन कराल, मग टायर, मग केबिनचा पत्रा, मग ब्रेक. मी दोन गाड्या अशाच सांभाळल्या आणि शेवटी किलोवरच विकल्या. रस्त्यावर आणायची नसेल तर इंजिन खोलून करायचंय काय?

दापोडी_रिटायर

गुरुजी, आधी सेल्फवरचा हात काढा.

तीन पावसाळे उभ्या असलेल्या इंजिनात एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फनं जोर केला की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग रिंग-पिस्टनचं काम राहतं बाजूला, रॉडचं नवीन काम निघतं. सहाही नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारी) काढा. प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑइल निम्मं निम्मं करून चहाच्या कपाएवढं सोडा आणि दोन दिवस विसरून जा. तिसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला गोटी लावून हातानं फिरवा. चेहरा भोकांवर धरू नका, जे आत असेल ते पिचकारीसारखं वर येतं.

मी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी इंजिन सेक्शनला. त्यामुळं थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

पाटीवरचा नंबर वाचायला शिका. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, १२० चा. तुम्ही गणिताचे आहात, गुणाकार करून बघा, पावणेपाच लिटरच्या वर जरासं येतं. पुढं आलेलं ६९७ म्हणजे ९७ चा बोअर, ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि बोअर तोच. हे सांगतोय कारण दुकानात नुसतं 'टाटाचं पिस्टन द्या' म्हणालात तर काहीही हातात पडेल. हे सगळं घराणं मर्सिडीजचं आहे. १९५४ मध्ये टेल्कोनं (आजची टाटा मोटर्स) डाइमलर-बेन्झशी करार केला, तिथून आलेलं. साधं, जाड, सोशिक यंत्र आहे. शिकायला याच्याहून चांगलं मिळणार नाही.

चिंचेचं विसरा. गिअरबॉक्स सोडवला तरी हे इंजिन चारशे किलोच्या घरात जातं, आणि फांदी मोडायच्या आधी सांगत नाही. जाड पाइपची तिकटी भाड्यानं आणा, पाय खाली साखळीनं बांधा, म्हणजे फाकणार नाहीत. पण आधी उतरवायलाच हवं का ते ठरवा. हेड वर काढून आणि खालून चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) सोडून पिस्टन वरच्या बाजूनं काढता येतात, इंजिन चेसिसवरच राहतं. आमच्याकडं त्याला हाफ इंजिन म्हणायचे. बोअर मोजा, मग ठरवा. न मोजता 'फुल इंजिन' म्हणणारा मिस्त्री तुमच्या खिशाकडं बघून बोलतोय.

मोजायचं कसं? बोअर गेज आणि मायक्रोमीटर कुणाचं तरी मागून आणा, नाहीतर बोअरिंगवाल्याला घरी बोलवा. प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर, दोन दिशांनी. सगळ्यात जास्त झीज वर असते, जिथं पहिली रिंग वळते तिथं. तिथं नखानं चाचपलं तरी पायरी लागते. माझा हिशोब असा, की पाव मिलिमीटरच्या पुढं झीज गेली असेल तर नुसत्या रिंगा घालणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला नवी बटणं.

आता नवखा माणूस कुठं मार खातो ते सांगतो. बेअरिंग कॅप. रॉड आणि त्याची कॅप (खालची सुटी होणारी अर्धी कडी) जोडून एकत्र बोअर केलेली असते. तीनची कॅप पाचला बसते, बोल्ट लागतो, दिसायला सगळं ठीक, पण गोलाई राहत नाही. उलटी बसवली तरी तेच. सोडवायच्या आधी सेंटर पंचनं ठिपके मारा, रॉडवर आणि कॅपवर एकाच बाजूला. एकला एक, दोनला दोन. मेन बेअरिंगच्या (क्रँक, म्हणजे खालचा मुख्य फिरता दांडा, धरणाऱ्या) सात कॅप, त्यांनाही तसंच. खडूनं लिहू नका, रॉकेलनं जातो. पुश रॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीनं खोचा. व्हॉल्व्ह ज्या जागचा त्याच जागी. हाताखालच्या पोरांना मी एवढंच सांगायचो, की खोलताना घाई केली तर बसवताना रडाल.

आणि क्रँक. ग्राइंड करून आली की चकाकते, आणि तिच्याकडं बघून माणूस हुरळतो. तिच्या आत मेन बेअरिंगपासून बिग एंडपर्यंत (रॉडचं क्रँककडचं टोक) तेलाची तिरकी भोकं असतात. ग्राइंडिंगची भुकटी तिथं तेलात कालवून चिकटून बसते. वरून पुसलं तर काही कळत नाही. सुतळी रॉकेलमध्ये भिजवा, भोकातून ओवा आणि दोन्ही टोकं धरून घुसळा, ताक करताना दोरी ओढतात तशी. सुतळी काळी निघेल. दुसरी घ्या. शेवटची पांढरी निघेपर्यंत सोडू नका. मी नवा असताना एका इंजिनची चार भोकं घासली आणि जेवणाची सुट्टी झाली म्हणून बाकीची फुंकर मारून सोडली. टेस्ट बेंचवर वीस मिनिटांत दोन नंबरचं बेअरिंग गेलं. साहेब काही बोलले नाहीत, फक्त ते बेअरिंग माझ्या टेबलावर आणून ठेवलं. रिटायर होईपर्यंत ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

टॉर्क पाना विकत घ्या. भाड्याचा नको, उसना नको. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत. किती कसायचे तो आकडा मी तोंडी सांगणार नाही, मॅन्युअल मिळवा आणि त्यातलाच घ्या.

डिझेलचा पंप आणि नोझल घरी उघडू नका. ती पंपवाल्याची विद्या आहे. त्यातली प्लंजरची (डिझेल दाबणाऱ्या दांडीची) सफाई आपल्या डोळ्याला दिसतही नाही.

उद्यमनगरी_लेथ

काकांनी बरंच सांगितलं, मी फक्त माझ्या टेबलापुरतं सांगतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगचं काम करतो.

सर, पिस्टन आधी घ्या, मग ब्लॉक आमच्याकडं टाका. लोक उलटं करतात. बोअर आम्ही हातात पिस्टन धरून करतो, छापील मापावर न्हाई. एकाच सेटमधल्या पिस्टनमध्ये सुद्धा बारीक फरक असतोय, म्हणून आम्ही सहाही मोजून कुठला कुठं जाणार ते ठरवतो आणि डोक्यावर नंबर मारतो. परत नेताना ते नंबर पुसू नका.

याच्या स्लीव्ह (सिलिंडरातली आतली नळी) ड्राय आहेत, म्हणजे त्यांना पाणी लागत न्हाई, प्रेसवर बसतात. घरी हातोड्यानं ठोकायच्या नादाला लागू नका, तिरकी गेली की ब्लॉकची भिंत खरवडली म्हणून समजा. सेमी-फिनिश घेतल्या तर बसवून बोअर आणि होन (दगडानं बारीक घासणं) करावं लागतं. जास्त काम आहे, पण मला तेच पटतं.

क्रँक ज्याला द्याल त्याला एक विचारा, जर्नलच्या (क्रँकवर बेअरिंग बसतं तो भाग) कोपऱ्यातली गोलाई ठेवणार का? घाईत काटकोनी कोपरा काढला तर क्रँक तिथनंच तुटते, आज न्हाई तर सहा महिन्यांनी. आणि ग्राइंड करायच्या आधी तडा तपासून घ्या. तडा गेलेल्या क्रँकवर ग्राइंडिंगचे पैसे कशाला घालायचे?

ब्लॉक बदलायची वेळ आली तर इंजिन नंबर बदलतो, आरसी बुकात नोंद लागते. तेवढं ध्यानात ठेवा.

गोठ्यामागची_गाडी

काका, तुमचं ऐकून नोझल काढली. तिसऱ्या दिवशी आण्णा पान्यावर आणि मी बघायला. पाव फेरा झाला आणि चार नंबरच्या भोकातून गंजाचं पाणी उडालं, गोठ्याच्या पत्र्यापर्यंत. म्हशीनं दावं तोडलं. परत सेल्फ मारला असता तर काय झालं असतं हे आता कळतंय.

खेप_नंबर_दोन, तुमचं चूक नाही. पण आमची गाडी पासिंगला न्यायचीच नाही. सुरू झाली, अंगणात दहा मिनिटं थडथडली तरी बास.

गोठ्यामागची_गाडी (साडेतीन आठवड्यांनी)

हेड काढलं, चेंबर काढला. मोजमापाची वही केली. चार नंबरमध्ये गंजाचं कडं बसलंय, बाकीच्यांत वरची पायरी नखाला लागते. सगळ्यात वाईट झीज ०.३४ मिलिमीटर. म्हणजे इंजिन उतरवणं आलंच. तिकटी आणली.

एक विचित्र गोष्ट सापडली. पंचचे ठिपके मारायला गेलो तर रॉडवर कारखान्याचे नंबर आधीच होते, आणि तीन नंबरची कॅप उलटी बसवलेली होती. आण्णांना विचारलं. म्हणाले, बारा वर्षांपूर्वी एका मिस्त्रीनं एका रात्रीत रिंगा घालून दिल्या होत्या, तेव्हापासूनच खालून बारीक 'टकटक' यायची. त्या बेअरिंगचा एका बाजूचा पांढरा थर जाऊन तांबं दिसतंय.

क्रँक पहिल्या अंडरसाइझला (एक माप बारीक) ग्राइंड झाली. सुतळ्या सात लागल्या. ब्लॉक सहा स्लीव्ह घालून, बोअर-होन होऊन काल आला. सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्यानं धुवून आणला, आरशासारखा झालाय. रविवारी क्रँक बसवू का?

दापोडी_रिटायर

०.३४ वहीत लिहून ठेवलंत, बरं केलंत. ती कॅप जपून ठेवा, रॉडचं बिग एंड तपासून घेतल्याशिवाय परत वापरू नका.

आरशासारखा म्हणजे बाहेरून. बोअरमध्ये पांढरं फडकं तेलात बुडवून फिरवा. करडं निघालं तर होनच्या दगडाची भुकटी अजून आतच आहे. नुसत्या पाण्यानं किंवा रॉकेलनं ती निघत नाही. कपड्याची साबण पावडर, कडकडीत पाणी आणि ब्रश. धुतल्या धुतल्या कोरडं करून तेल लावा, नाहीतर तासाभरात तांबूस गंज चढतो.

आणि मेन ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधली तेलाची मुख्य वाट) दोन्ही टोकांचे प्लग काढून धुतलात की तसाच?

गोठ्यामागची_गाडी

तसाच. पुढचा प्लग सहज सुटेलसं वाटतं. मागचा खाचेचा आहे, गंजून एकजीव झालाय. ॲलन की फिरायला लागली म्हणून थांबलो.

दापोडी_रिटायर

थांबलात ते शहाणपण. खाच गेली की ड्रिल करावं लागतं. गॅसनं प्लग तापवा, लाल नको, हात लावता येणार नाही इतपत. मग देवघरातली मेणबत्ती घेऊन कडेला टेकवा. मेण वितळून आट्यात ओढलं जातं. थोडं निवू द्या, ॲलन की पूर्ण आत ठोकून बसवा आणि एकदा कसायच्या बाजूनं किंचित हलवून मग सोडवा.

उद्यमनगरी_लेथ

नाहीच निघाला तर घेऊन या सर, वेल्डिंगनं नट चिकटवून काढू. चहाचे पैसे घेईन फक्त.

गोठ्यामागची_गाडी

निघाला! तिसऱ्या मेणबत्तीला. सळईला चिंधी बांधून गॅलरीत घातली तर बोटभर काळा गाळ आला, जुन्या ग्रीससारखा, आणि त्यात चकाकणारी लोखंडाची भुकटी. आण्णांनी तो पेपरवर घेतला, चष्मा वर करून उन्हात धरला आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, दुसऱ्या बाजूनंबी घाल.