नेट आहे, जेआरएफ हुकली : विद्यापीठातला प्रोजेक्ट घ्यावा का?

परीक्षानळी :
एमएस्सी झालेले, सहायक प्राध्यापकपदासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास, पण त्याच परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) थोडक्यात हुकलेले अनेक जण नोकरी-संशोधन बाजूला ठेवून पुन्हा परीक्षेच्याच मागे लागतात. माझ्या मते विद्यापीठात प्रोजेक्ट जेआरएफ, म्हणजे प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पावरची मानधनाची जागा, मिळत असेल तर ती घ्यावी. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०२३च्या दरानुसार नेट किंवा गेट (अभियांत्रिकी-विज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा) झालेल्याला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जेआरएफइतकेच. उपकरणांवर हात बसतो, पेपरवर नाव लागतं. तासिका तत्त्वावर शिकवलं तर घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काहीच नाही.

तळटीप :
रक्कम सारखी, पण हमी सारखी नाही. यूजीसीची फेलोशिप उमेदवाराच्या नावावर, जास्तीत जास्त ५ वर्षं. प्रोजेक्टची जागा प्रकल्पाच्या नावावर, तो संपला की जागाही संपली. हिशेब मांडा. ३ वर्षांचा प्रकल्प, ८ महिने उलटल्यावर तुम्ही रुजू, म्हणजे हातात २८. पीएचडी नोंदणीला आणखी ६ महिने गेले की उरले २२. यूजीसीच्या २०२२च्या नियमानुसार पीएचडीला किमान ३ वर्षं लागतात. उरलेले किमान १४ महिने खिशातून. शिवाय प्रकल्पाच्या निधीचा पुढच्या वर्षीचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचा निधी कसा खर्च झाला त्याचा दाखला) गेल्याशिवाय सुटत नाही. ते विभागात किंवा लेखा शाखेत अडकलं की मानधन थांबतं आणि एकदम थकबाकी येते. त्यापेक्षा सहा महिने नीट अभ्यास करून जेआरएफ काढलेली बरी.

परीक्षानळी :
१४ महिन्यांचा मुद्दा मान्य. पण यूजीसीचे पैसेही आपोआप येत नाहीत. विद्यापीठाने दर महिन्याला पोर्टलवर हजेरी पक्की करावी लागते. २ वर्षांनी एसआरएफचा (वरिष्ठ फेलोशिपचा) प्रस्ताव वेळेत गेला नाही तर ४२,००० ऐवजी ३७,०००च येत राहतात. आणि वयाचं काय? जेआरएफला मर्यादा ३०. महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहेच, पण खुल्या गटातल्या मुलालाही स्वतःच्या विषयातल्या संशोधनाचा काळ, प्रमाणपत्र असेल तर, ५ वर्षांपर्यंत वयात सवलत म्हणून धरता येतो. प्रोजेक्ट करत जेआरएफ द्या, मिळाली की राजीनामा देऊन तिकडे जा. दोन्ही एकदम मात्र घेता येत नाहीत.

ग्रंथपेटी :
हे सगळं विज्ञानवाल्यांचं. मराठी, इतिहास, समाजशास्त्रात असे प्रोजेक्ट कितीसे निघतात? तिथे पात्र असाल तर बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप बघा. त्यासाठी मात्र आधी पीएचडीची नोंदणी हवी.

तळटीप :
नोंदणी! खरी फसगत तिथेच होते. मार्गदर्शकाकडे जागा मोजक्या : सहायक प्राध्यापकाकडे ४, सहयोगीकडे ६, प्राध्यापकाकडे ८. प्रोजेक्टला माणूस हवा असतो, पण पीएचडीच्या जागा भरलेल्या असतात. मग दोन वर्षं नमुने मोजायचे आणि स्वतःचा प्रबंध सुरूच नाही. मुलाखतीत हे स्पष्ट विचारायला मुलं कचरतात.

परीक्षानळी :
विचारायला संकोच वाटत असेल तर आधी संकेतस्थळ बघा. मार्गदर्शकांची आणि त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांची यादी तिथे ठेवणं नियमाने बंधनकारक आहे. जागा रिकामी नसेल तर तो प्रोजेक्ट घेऊ नका, असं मीही सांगेन. रिकामी असेल तर मंजुरीपत्रावरची प्रकल्प संपण्याची तारीख बघा आणि २४ महिन्यांपेक्षा जास्त उरले असतील तर अर्ज कराच.